पिंपाचं झाकण

पंढरीनाथच्या घरातलं सगळं शिक्षण एका खिळ्यावर लटकत होतं. खिळा बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर, आणि त्याला टांगलेला तो तक्ता: गुळगुळीत, जाड प्लास्टिक चढवलेला, ए फॉर ॲपलपासून झेड फॉर झेब्रापर्यंत सगळी जनावरं आणि फळफळावळ गुण्यागोविंदाने नांदणारा. वासंतीने तो फोर्टातल्या फुटपाथवरून घासाघीस करून आणला आणि इतक्या भक्तिभावाने टांगला, की पंढरीनाथला वाटलं आता बाई त्याला उदबत्ती ओवाळणार.

उदबत्ती ओवाळली नाही, पण हुकूम सोडला. "अहो, मार्चमध्ये इंटरव्ह्यू आहे. रोज सकाळी इशूला यावर बसवायचं. तोंडपाठ झालं पाहिजे. तुम्ही घरीच असता."

"घरीच असता" हे तिने काही टोचून म्हटलं नव्हतं, पण टोचायचं ते टोचलंच. पंढरीनाथ दहिसरला एका पंख्यांच्या कंपनीत फिटर, आणि त्या कंपनीच्या फाटकाला गणपतीपासून टाळं. मालक म्हणे युनियनमुळे, युनियन म्हणे मालकामुळे, आणि पंढरीनाथ कुणामुळे का होईना, घरी. वासंती फोर्टात सरकारी ऑफिसात टायपिस्ट. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची ती दिवेलागणीला उगवायची. मधला अख्खा दिवस शांती नगरच्या त्या वन रूम किचनमध्ये पंढरीनाथ आणि चार वर्षांची इशिता, दोघंच एकमेकांच्या उरावर.

इंटरव्ह्यू होता स्टेशनजवळच्या इंग्रजी शाळेचा. शाळेचं नाव कशाला घ्या, तेव्हा मीरा रोडला त्या एकाच शाळेच्या नावाने पालकांना घाम फुटायचा. तिथे ज्युनिअर केजीत घेतलं तर ठीक. नाही घेतलं तर दादर.

दादर म्हणजे सुगंधाताई, वासंतीची थोरली बहीण. दोन्ही मुलगे कॉलेजात गेलेले, घर खायला उठलेलं, आणि समोरच्याच इंग्रजी शाळेत यजमानांची ओळख. दिवाळीत येऊन तिने सांगूनच टाकलं, "इथे नाही झालं तर पोरीला मी घेऊन जाते. शनिवार-रविवार पाठवीन." वासंतीचे डोळे भरून आले, पण ती हो म्हणाली. मग पंढरीनाथही हो म्हणाला. पगार न आणणाऱ्या माणसाच्या 'नाही'ला घरात कोण विचारतं! असं त्याला वाटायचं. तसं कुणी बोललं नव्हतं. पण त्या दिवसापासून एकच गोष्ट त्याच्या डोक्यात फिरायला लागली. पोरगी गेली तर दिवसभर त्या घरात तो आणि तो झेब्रा.

आता असं असताना माणसाने कंबर कसून शिकवावं की नाही? पंढरीनाथने शिकवलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी 'जी फॉर गोट' आलं आणि इशिताने विचारलं, "बाबा, बकरीला बकरी म्हटलं तर काय होतं?"

पंढरीनाथने डोकं खाजवलं. काय होतं बरं? तो उत्तर शोधत होता तेवढ्यात खालून वॉचमन रामूची आरोळी आली, "पानी आयाऽऽ!" आणि इंग्रजी शिक्षण तिथेच आटोपलं.

ज्यांनी त्या वर्षांत मीरा रोडला संसार केला नाही, त्यांना ही आरोळी म्हणजे काय ते कळायचं नाही. लालबागच्या चाळीतून ही मंडळी इकडे आली ती घरात स्वतःचं बाथरूम मिळतंय म्हणून. बाथरूम मिळालं. चकचकीत नळही मिळाला. पाणी मात्र एक दिवसाआड, तेही त्याच्या लहरीप्रमाणे. रामू ओरडला की जेवणारा ताटावरून उठायचा आणि पूजेला बसलेला देवाला तसाच ओला ठेवून पळायचा. शेजारच्या हंसाबेनच्या मुलीला बघायला मंडळी आली होती, ती चहाचे कप हातात धरून बसली आणि नवरी आत बादल्या लावत होती. लग्न जमलं. मुलाची आई म्हणाली, छोकरी चपळ छे.

पंढरीनाथने पोरीला पाणी भरायला हाताशी घेतलं ते काही शिकवायचं म्हणून नव्हे. ती पायात पायात यायची म्हणून. आधी तिला काम दिलं ते ओरडायचं. भांडं काठाशी आलं की "बस!" म्हणायचं. आठवड्याभरात ती भांडं न बघता, नुसता आवाज ऐकून "बस" म्हणायला लागली. मग तिने भांडी ओळीने मांडायचं काम आपल्याकडे ओढून घेतलं: हंडा, कळशी, बादली, पातेली, तांब्या, कुकर, शेवटी तिची स्वतःची खेळातली किटली. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचंच झाकण. पिण्याचं आधी, वापरायचं नंतर. एकदा पंढरीनाथने गडबडीत कळशीआधी बादली लावली, तर ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, तुला किती वेळा सांगायचं?" हे वाक्य हुबेहूब वासंतीचं होतं, आवाजासकट.

इतर वेळी तिने डोकं खाऊ नये आणि आपल्याला पेपर वाचता यावा, म्हणून तो तिच्यापुढे काहीबाही टाकायचा. तांदूळ निवड. मटार सोल. मोज्यांच्या जोड्या लाव. कांदे इकडे, बटाटे तिकडे. ती तासन्‌तास बसायची. तांदळातला खडा सापडला की तो चिमटीत धरून खिडकीतून बाहेर फेकायची आणि वर "मेला!" म्हणायची. हे तिला कुणी शिकवलं हे पंढरीनाथने वासंतीला सांगितलं नाही.

आणि मग पिंपाचं झाकण फुटलं. दोष झाकणाचा नव्हता. न्हाणीघरातला बल्ब बदलायला पंढरीनाथ निळ्या पिंपावर चढला आणि झाकणासकट आत गेला. कमरेएवढ्या पाण्यात बल्ब वर धरून उभा. इशिताने टाचा उंचावून आत बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, हे पिण्याचं होतं."

नुसतं झाकण कुठल्याच दुकानात मिळेना. सगळे म्हणाले, नवीन पिंप घ्या. पाणी उघडं ठेवावं तर डास. पंढरीनाथने घरभर नजर फिरवली आणि ती येऊन खिळ्यावर थांबली. जाड प्लास्टिक, रुंदीला ऐसपैस, पाण्याने न भिजणारं. त्याने तक्ता उतरवून पिंपावर ठेवला, वर पाट ठेवला. असा बसला म्हणता, जणू त्याच कामासाठी छापला होता.

तेव्हापासून रोजचा शिरस्ता ठरला. वासंती जिना उतरली की तक्ता पिंपावर. ती यायच्या आधी पुसून परत खिळ्यावर. रात्रीची परीक्षाही दोघांनी बसवली होती. वासंती इशिताला समोर घेऊन विचारायची, "बी फॉर?" आणि तिच्या पाठीमागे उभा राहून पंढरीनाथ हवेतलं केळं सोलायचा. "बनाना!" "एम फॉर?" पंढरीनाथ ढुंगण खाजवत माकडासारखा उडी मारायचा. "मंकी!" वासंती खूश. पोरगी खूश. बाप घामाघूम.

"येतं की हो तिला सगळं!" वासंती म्हणायची, आणि तेव्हा पंढरीनाथला आतून फार वाईट वाटायचं. फसवत होता तो बायकोला, सरळ फसवत होता. रोज ठरवायचा, उद्यापासून नीट शिकवू. उद्या उजाडला की एक तर पाण्याचा वार असायचा, नाहीतर पोरगी मटारांचे तीन ढीग करून म्हणायची, "बाबा बघ, हे आईचे, हे बाबांचे, हे बाळांचे," आणि पुन्हा सगळं राहूनच जायचं.

होता होता इंटरव्ह्यूचा दिवस आला. वासंतीने रजा घेतली, इशिताला नवा फ्रॉक घातला, तिच्या दोन शेंड्या इतक्या ओढून बांधल्या की पोरीच्या भुवया वर गेल्या. सुगंधाताईही सकाळीच दादरहून येऊन बसली होती, मोठी बॅग घेऊन. बॅग रिकामी होती. पंढरीनाथने ती उचलून बाजूला ठेवली तेव्हा त्याला ते कळलं.

शाळेत व्हरांड्यात पालकांची ही गर्दी. सगळे आपापल्या पोरांच्या कानात शेवटचं शेवटचं काहीतरी ओतत होते. व्हरांड्याच्या टोकाला एक नळ, त्याची तोटी उघडीच ठेवलेली, खाली रिकामी बादली. शाळेलाही दोन दिवस पाणी नव्हतं.

नंबर आला. प्रिन्सिपलबाई भारदस्त, चष्म्याला सोनेरी साखळी. मागे कपाटावर शाळेने जिंकलेले कप ओळीने. बाईंनी इशिताला आपल्यासमोर बसवलं आणि आईबापांच्या खुर्च्या थेट तिच्या पाठीमागे, भिंतीला लावलेल्या. पंढरीनाथने आजूबाजूला बघितलं. आता केळं कुठे सोलायचं?

"व्हॉट इज युअर नेम, बेटा?"

इशिता मान वळवून बापाकडे बघायला लागली.

"इकडे नाही, तिकडे बघ!" वासंती दबक्या आवाजात म्हणाली.

"व्हॉट इज धिस?" बाईंनी लाल ठोकळा दाखवला. इशिताने तो घेतला, उलटसुलट बघितला. टवका उडालेला होता. तिने आणखी ठोकळे चिवडले, टवका उडालेले तेवढे निवडून बाजूला काढले, आणि त्यातला एक चिमटीत धरून खिडकीतून बाहेर टाकला.

"मेला!" इशिता म्हणाली.

वासंतीने डोळे मिटले. प्रिन्सिपलबाईंनी दीर्घ श्वास घेतला, पण बाई चिवट होत्या. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे तोच तक्ता होता. अगदी तोच: तेच ॲपल, तीच गोट, तोच झेब्रा. वासंतीचा चेहरा उजळला. हे तर पोरीला झोपेतही यायचं!

"अच्छा, ये देखो. व्हॉट इज धिस?"

इशिताचाही चेहरा उजळला. अखेर एक ओळखीची वस्तू दिसली. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "पिंपाचं झाकण!"

"क्या?"

"झाकण! बाबा पिंपात पडला ना, तेव्हापासून. वर पाट ठेवायचा." मग बाईंचं चुकतंय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने समजावून सांगितलं, "भिंतीवर नाही लावायचं. भिंतीवर फक्त आई आली की. मग बाबा तिच्या पाठीमागे माकड होतो."

वासंतीने मान हळूहळू नवऱ्याकडे वळवली. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण पंढरीनाथने तो चेहरा आधी पाहिला नव्हता. त्याने तोंड उघडलं.

आवाज व्हरांड्यातून आला. आधी खर्र, मग खुर्र, मग नळाने ढेकर दिल्यासारखा एक मोठा गचका.

"पाणी आऽऽलं!" इशिता किंचाळली आणि खुर्चीवरून उडी मारून पळाली.

पुढे जे झालं त्याबद्दल नंतर कुणीच मोकळेपणाने बोललं नाही. सगळ्यात आधी उठली ती वासंती, डोक्यात संताप असताना पदर खोचून. मग पंढरीनाथ. आणि मग, देवाशप्पथ, टेबलावरची फुलदाणी उचलून, फुलं तिथेच आपटून, प्रिन्सिपलबाई! शेवटी बाईही मीरा रोडलाच राहायच्या की. व्हरांड्यातले पालक वॉटरबॅगा उघडून धावले, शिपाई धर्माजी पायात बादली अडकून आडवा झाला. गळ्यात टाय, कानात इंग्रजी, आणि सगळे नळाभोवती.

"लाइन! लाइन!" धर्माजी खालून ओरडत होता. त्याचं कोण ऐकतो!

ऐकलं ते इशिताचं. तिने व्हरांड्याच्या फरशीवर भांडी मांडायला घेतली. "मोठं आधी! बाबा, कप आण!" पंढरीनाथने कपाटावरचे कप आणून दिले. तिने एका नजरेत ते उतरत्या ओळीने लावले, झाकणवाल्या कपांची झाकणं बाजूला, ज्याचं त्याच्यासमोर. बाई फुलदाणी पुढे करत होत्या तर म्हणाली, "ती घाण आहे. वापरायचं नंतर." आणि प्रिन्सिपलबाई, चार वर्षांच्या पोरीच्या शब्दावर, फुलदाणी घेऊन गुमान मागे सरकल्या. पाणी भरत गेलं. इशिता नळाकडे पाठ करून झाकणं लावत होती, आणि कप काठाशी आला की न बघता म्हणत होती, "बस!"

वासंती नळाची तोटी धरून उभी होती. तीन वेळा तिने "बस" ऐकून तोटी फिरवली आणि तिन्ही वेळा पाणी बरोबर काठाखाली थांबलं. चौथ्या वेळी तिने तोटी फिरवायच्या आधी पोरीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. पाणी वाहून गेलं तेव्हा इशिताच ओरडली, "आई, लक्ष कुठाय?"

पाणी गेलं. सगळे भानावर आले आणि एकमेकांची नजर चुकवत केस-बिस सारखे करायला लागले. आत जाऊन प्रिन्सिपलबाईंनी साखळी सरळ केली, चष्मा पुसला आणि पुन्हा प्रिन्सिपल झाल्या. "देखिए, बच्ची होशियार है. पण इंग्लिश का एक शब्द नहीं आता. या वर्षी नाही जमणार. नेक्स्ट इयर लेके आइए."

संपलं. पंढरीनाथने पोरीचा ओला हात धरला. दारापर्यंत पोचले तोच बाईंनी मागून हाक मारली. त्याच्या मनात एकदम आशा फुलली.

"एक मिनिट," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आपके सेक्टर में पानी कितने बजे आता है?"

घरी येताना वासंती चार पावलं पुढेच चालत होती. पंढरीनाथ दोनदा "अगं, ऐक तर..." म्हणाला. तिने हात वर करून गप्प केलं. "तुमच्याशी मी नंतर बोलणार आहे. सावकाश बोलणार आहे."

सुगंधाताईने दोघांचे चेहरे बघूनच ओळखलं. "जाऊ दे गं," ती बहिणीला म्हणाली, "आपली दादरची शाळा काय वाईट आहे? पंढरीनाथराव, तेवढे हिचे कपडे भरता का?"

पंढरीनाथने बॅग उघडली. कपाटातून फ्रॉक काढायला लागला तशी इशिता आनंदाने धावत आली. घड्या घालायचं काम तिच्या आवडीचं. तिने मोठे फ्रॉक खाली, छोटे वर रचले. मोज्यांच्या जोड्या लावल्या, एकात एक गुंडाळून कोपऱ्यात दाबल्या. तो बिचारा हातात पेटीकोट घेऊन नुसता बसून राहिला होता. पोरगी स्वतःच्या हाताने स्वतःला घरातून भरून देत होती, आणि तेही किती नीट!

बॅग भरली. तिने आत वाकून बघितलं. काहीतरी कमी होतं.

"बाबा, तुझे मोजे कुठेत?"

पंढरीनाथ हातातल्या पेटीकोटाची घडी घालायला लागला. सुगंधाताईने पोरीला जवळ घेतलं. मनाने वाईट नव्हती ती. "बाबा नाही येणार राणी, तू एकटीच यायचंस मावशीकडे. मज्जा आहे तिथे! मोठी बाग आहे, झोपाळा आहे. आणि इथल्यासारखी पाण्याची कटकट नाही. मावशीकडे चोवीस तास पाणी!"

"चोवीस तास म्हणजे?"

"म्हणजे कधीही नळ सोडला की पाणी. भरून ठेवायलाच लागत नाही."

इशिताने यावर विचार केला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने मावशीकडे बघितलं, मग न्हाणीघराकडे, मग बापाकडे.

"मग तिथे मी काय करू?" तिने विचारलं.

सुगंधाताई हसली. तिला वाटलं कुणीतरी आपल्यासोबत हसेल. कुणी हसलं नाही. इशिता वाट बघत उभी होती, खरोखरच विचारत होती ती. "मी नाही तर बाबाला 'बस' कोण सांगणार? तो परत पडेल."

वासंती उठली. बॅग पलंगावर उपडी केली. मोजे, फ्रॉक, सगळं भसकन बाहेर.

"ताई, तू चहा घे आणि ऊन उतरलं की नीघ. ही कुठे जात नाही."

"अगं पण शाळा?"

"मागच्या गल्लीत बालवाडी आहे. मराठी आहे तर मराठी. बकरीला बकरी म्हणेल." बोलता बोलता तिचा आवाज कापला, आणि त्याचाच राग येऊन ती नवऱ्यावर कडाडली, "आणि तुम्ही! रडताय काय? रोज माझ्या पाठीमागे माकडउड्या मारत होतात, त्याची तुम्हाला लाज नाही वाटली? मी मूर्खासारखी ऑफिसात सगळ्यांना सांगत होते, माझी मुलगी अशी नि माझी मुलगी तशी!"

"खोटं नव्हतं ते," पंढरीनाथ नाक पुसत म्हणाला.

वासंती काही बोलायच्या बेतात होती, तेवढ्यात खालून रामू ओरडला. आज पाण्याचा वार होता, कुणाच्या ध्यानातच नव्हतं. पंढरीनाथ धावला, वासंती धावली, आणि रेशमी साडी वर धरून सुगंधाताईही धावली, कारण इशिताने तिच्या हातात कळशी दिली होती. तिला पहिल्यांदाच कामाला लावलं होतं, म्हणून "मावशी, सांडू नकोस हं" एवढंच बजावलं.

पिंप भरलं. "बस!" इशिता म्हणाली. तिने झाकणासाठी इकडे तिकडे बघितलं आणि मग आईकडे बघून गप्प बसली. आई घरी असताना झाकण भिंतीवर असतं, हा नियम तिला पाठ होता.

वासंती बाहेरच्या खोलीत गेली. खिळ्यावरून तक्ता काढला, आणून पिंपावर ठेवला. तो जरा वाकडा बसला होता. इशिताने तो सरळ केला, आणि दोघींनी मिळून वर पाट ठेवला.